बंद रोपवे, ताजा चीक

नोव्हेंबरात स्वित्झर्लंडमध्ये दोन मोसमांच्या मधली फट असते. पानगळ बघायला आलेले लोक परतलेले असतात आणि बर्फावर घसरायला येणारे अजून यायचे असतात. या दिवसांत रोपवे तपासणीसाठी बंद ठेवतात, डोंगरावरच्या खाणावळी कुलूप लावतात, सरोवरातल्या बोटींच्या फेऱ्या कमी होतात. राहायच्या जागेचं भाडं उतरतं. आगगाड्या मात्र नेहमीसारख्या, वेळेवर आणि बऱ्याचशा रिकाम्या धावत राहतात. आमचा बेत या शेवटच्या गोष्टीवर उभा होता.

आम्ही म्हणजे मी आणि माझी नणंद नंदाताई. मी बोरिवलीची, वर्तमानपत्राच्या वृत्तकक्षातून निवृत्त झालेली. ताई मुलुंडला राहतात. वय सत्तरीला टेकलेलं, गाव कणकवलीजवळ, वडील मुंबईला गिरणीत होते. घरच्या माणसांशी त्या अजून मालवणीच बोलतात. त्यांचा धाकटा भाऊ सुहास म्हणजे माझा नवरा. त्याला थंडी सोसत नाही, म्हणून तो घरी राहिला.

आमच्या सोसायटीत बातमी पसरली तेव्हा खालच्या मजल्यावरचे शेजारी म्हणाले, "रोपवे बंद, बोटी बंद, वर धुकं. मग बघणार काय, टाइमटेबल?" मी हो म्हटलं.

ताईंची अट वेगळी होती. "तुझे डोंगर तू बघ," त्या म्हणाल्या. "गायींचो देश ना तो? माका थंय चीक गावाक व्हयो."

तिथे चीक मिळायला हवा, एवढंच त्यांचं म्हणणं. चीक म्हणजे नुकत्याच व्यालेल्या गायीचं पहिल्या दिवसांचं दाट, पिवळसर दूध. त्याचा खरवस करावा तो ताईंनीच, असं आमच्या सगळ्या नातेवाइकांत मानलं जायचं. पण गेल्या वर्षी त्यांच्या नातवाच्या बारशाला खरवस लागलाच नाही. पातेलं उघडलं तर आत पातळ, गोड पाणी. चीक आणून देणाऱ्याने आधीच त्यात दूध मिसळलं होतं, असं ताई म्हणत होत्या. पंगत बसली होती. सुहास डाव घेऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ताई, खरवस वाटीत ओतू की ग्लासात?" लोक हसले. कोणीतरी मागून म्हणालं, वय झालं, हात गेला.

त्यानंतर ताईंनी खरवस केला नाही. मुंबईत भरवशाचा चीक मिळत नाही आणि पावडरीचा त्यांना चालत नाही. हात खरंच गेला की काय, हे त्यांना स्वतःलाच कळायला हवं होतं. त्यांच्या बॅगेत गूळ, वेलची, जायफळ आणि झाकणाचा स्टीलचा डबा होता. स्वेटर एकच होता.

स्पीझ

मुक्काम आम्ही स्पीझला केला. थून सरोवराच्या काठावरचं हे छोटं गाव. इथे चार दिशांचे रूळ एकत्र येतात. छोट्या सहली करायच्या तर सुंदर गाव शोधण्यापेक्षा जंक्शन शोधावं. रोज बॅगा भराव्या लागत नाहीत आणि हवा बिघडली तर फलाट बदलून दुसरीकडे जाता येतं.

दुसरा नियम तिथे गेल्यावर कळला. आदल्या दिवशी ठिकाण ठरवू नये. नोव्हेंबरात सरोवरावर धुक्याचं झाकण बसतं. खाली सगळं राखाडी आणि ओलं असतं, झाकणाच्या वर लख्ख ऊन. झाकण किती उंचीवर आहे ते रोज बदलतं. तिथल्या टीव्हीवर सकाळी एक वाहिनी डोंगरांवर बसवलेल्या कॅमेऱ्यांची थेट चित्रं दाखवते. एकामागून एक शिखर, खाली उंची आणि तापमान, मागे संथ अकॉर्डियन. कुठल्या कॅमेऱ्यात ऊन आहे ते बघायचं आणि तिकडची गाडी पकडायची.

ताई चहाचा कप घेऊन हे मन लावून बघत. तिसऱ्या सकाळी म्हणाल्या, "गो वैशाली, सगळो देश हय दिसता. भायर जावचा कशाक?"

"ताई, चीक टीव्हीतून मिळणार नाही."

त्या उठून बूट घालायला गेल्या.

बोगद्याच्या पलीकडे

पहिली मोठी सहल धुक्यातून सुटण्यासाठीच होती. स्पीझहून दक्षिणेला जाणारी गाडी डोंगराखालच्या लांब बोगद्यात शिरते आणि पलीकडच्या खोऱ्यात बाहेर पडते. शिरताना खिडकीवर पाण्याचे थेंब होते. बाहेर आलो तेव्हा डोळे मिटून घ्यावे लागले, इतकं ऊन होतं. डब्यातली एक बाई शांतपणे काळा चष्मा चढवून बसली होती. तिला माहीत होतं.

ब्रिग या गावात उतरलो. निम्मी दुकानं बंद. दारांवर सुट्टीच्या पाट्या, एकीवर हाताने काढलेला झोपलेला बोकड. आमच्याकडे दुकान बंद ठेवणारा माणूस कारण सांगताना ओशाळतो. इथे तो चित्र काढून जातो.

उघड्या असलेल्या एका मिठाईच्या दुकानात चेस्टनटच्या गोड लगद्याच्या शेवया मिळाल्या, वर साय. ताईंनी बशी फिरवून बघितली. "शिरवाळे," त्या म्हणाल्या. आमच्याकडे तांदळाच्या उकडीच्या शेवया गोड नारळाच्या रसात बुडवून खातात, ते हे शिरवाळे. "पण रस खय गेलो?" रस नव्हता. त्यांनी तरी बशी पुसून घेतली.

त्या दुकानात मी चिकाची पहिली चौकशी केली. इंग्रजी शब्द सांगितला. काउंटरवरच्या मुलीने मान डोलावली आणि समोरच्या औषधांच्या दुकानाकडे बोट दाखवलं. तिथल्या बाईंनी तत्परतेने एक डबी काढून दिली. मी वाचली. चीक होता. कॅप्सूलमध्ये. रोज सकाळी एक, पाण्याबरोबर.

ताईंनी डबी कानाशी हलवून बघितली.

"हेका उकडूचा कसा?"

बाईंनी विचारलं, काही अडचण आहे का. मी म्हटलं, नाही, आम्हाला जरा जास्त लागतो.

दूध आहे, चीक नाही

पुढचे दोन दिवस धुकं खूप वर होतं. मग जवळच फिरलो. गाडीने एका गावाला जायचं, सरोवराच्या काठाने पुढच्या स्टेशनपर्यंत चालायचं आणि परत गाडीत बसायचं. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस अनोळखी बायकांना नमस्कार करतो. तिकडच्या बोलीत तो "ग्रुएसेख" असा काहीतरी होतो. ताई हात जोडून "नमस्कार" म्हणत आणि समोरचा मनापासून मान झुकवी. मुलुंडला आपण इतक्या जणांना नमस्कार केला तर लोक निवडणुकीला उभ्या आहात का विचारतील, असं त्या म्हणाल्या.

एका शेतघराबाहेर दुधाचं यंत्र होतं. नाणं टाकायचं, बाटली धरायची, ताजं न तापवलेलं दूध येतं. राखायला कोणी नाही. ताईंनी बाटली भरली, बोट बुडवून चव घेतली. "दूध बरा आसा," त्या म्हणाल्या आणि यंत्राच्या मागे डोकावल्या. "पण गायी खय आसत? कोणाक इचारूचा?" विचारायला कोणी नव्हतं. गावी गोठेवाल्याला सांगून ठेवता येतं की म्हैस व्याली की फोन कर. यंत्राला ते सांगता येत नाही.

सरोवराचा मासा आणून त्यांनी आमच्या भाड्याच्या घरी, बरोबर आणलेल्या मालवणी मसाल्यात तळला. काटे काढत सगळा खाल्ला. शेवटी म्हणाल्या, "मासो वायट नाय. पण हेका समुद्र म्हायत नाय."

त्या संध्याकाळी त्यांनी गूळ बॅगेच्या तळाशी, कपड्यांखाली ठेवला. मी ते बघितलं.

न थांबलेली गाडी

स्पीझहून पश्चिमेला एक शाखा सिमेंटाल नावाच्या खोऱ्यात जाते. सिमेंटाल गायींची जात जगभर गेली आहे. तांबूस-पांढरं अंग, पांढरं तोंड. चीक मिळायचा तर इथेच, असा माझा हिशेब होता. एका खेड्यात शेतकऱ्यांचं दुकान असल्याचं मला नकाशावर दिसलं होतं. तिथे जायचं ठरलं.

स्टेशन यायच्या बरंच आधी आम्ही दोघी उठलो, पिशव्या खांद्याला लावल्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहिलो. ही आपली सवय. दाराशी उभं राहिलं की उतरायचं आहे हे जगाला कळतं, असं आपण धरून चालतो. गाडी जरा हळू झाली. फलाट आला. दुकानाची हिरवी पाटीही दिसली. फलाट गेला.

"गो, थांबाक नाय ही!"

"थांबेल."

"खय थांबतली? स्टेशन मागे गेला!"

दाराजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काठीच्या टोकाने दाराशेजारचं बटण दाखवलं. छोट्या स्टेशनांवर गाडी मागाल तरच थांबते. एसटीत कंडक्टर दोरी ओढतो, इथे उतारूच कंडक्टर. मी त्या बटणाला पिशवी टेकवूनच उभी होते.

"तू पेपरात होतंस मा?" ताई म्हणाल्या. "थंय लिवलेला वाचूक व्हया होता."

खरंच लिहिलेलं होतं, आणि खाली चित्रही होतं. आता मी ते बटण दाबलं. जरा जास्तच जोरात. गाडी पुढच्या स्टेशनावर थांबली. उतरलो त्या आम्ही दोघीच.

गोठा

त्या गावाचं नाव देत नाही. आम्ही ज्यांच्या गोठ्यात गेलो, त्यांनी तशी विनंती केली आहे.

स्टेशन म्हणजे एक बाक आणि एक छप्पर. परतीची गाडी तासाने होती. रस्त्याला लागलो तर एका मोठ्या लाकडी घराच्या खालच्या भागातून गाय हंबरली. ताई जागच्या जागी थांबल्या. हंबरणं पुन्हा आलं, अगदी हळू, घशातल्या घशात.

"व्यालीहा," ताई म्हणाल्या. "वासराक बोलावता ती." आणि मला न विचारता त्या दाराकडे चालू लागल्या.

दारात गमबूट घातलेली पन्नाशीची बाई होती. नाव मार्ग्रिट. तिला कामापुरतं इंग्रजी येत होतं. मी दुभाषी झाले. आम्ही मुंबईहून आलो आहोत आणि या माझ्या नणंदेला गाय बघायची आहे, एवढंच मी सांगितलं. मार्ग्रिटने ताईंच्या पातळ बुटांकडे बघितलं आणि गमबुटांची दुसरी जोडी आणली.

वासरू सकाळचंच होतं. पेंढ्यावर पाय पसरून बसलेलं, अंग अजून ओलसर. गाय त्याला चाटत होती. ताई आपल्या लेकीच्या खोलीत शिराव्यात तशा शिरल्या आणि गायीशी मालवणीत बोलू लागल्या. मार्ग्रिटने मला विचारलं, काय म्हणतायत त्या? मी सांगितलं, "दमलीस गं बाय, असं."

मग मी चिकाचं विचारलं.

मार्ग्रिटचा चेहरा बदलला. आधी तिला वाटलं, माझं इंग्रजी चुकतंय. मग ती म्हणाली, "विकत मी देत नाही. आणि आज तर मुळीच नाही. आधी वासरू. त्यानंतर एक बाटली राखीव, गोठवून ठेवायची, दुसऱ्या एखाद्या वासराची आई आजारी पडली तर. त्यातून उरलं तर बघू."

मला वाटलं, संपलं. मी भीतभीत ताईंना सांगितलं.

"बरोबर बोलता ती," ताई म्हणाल्या. "पयलो वासराचो हक्क. आमच्यातय तसाच आसा. तसा सांग तिका."

मी सांगितलं. मार्ग्रिटने ताईंकडे नीट बघितलं. आणि पहिल्यांदाच तिने स्वतःहून विचारलं, "तुम्ही त्याचं करता काय?"

ताईंनी हवेत डबा काढला, त्यात गूळ घातला, झाकण लावलं, वाफ काढली, बोटाने वडी कापली. मार्ग्रिट हसायला लागली. तिची आई पण करायची, ओव्हनमध्ये, साखर आणि दालचिनी घालून. तिने स्वतः कित्येक वर्षांत केलं नव्हतं. मुलं तोंड वाकडं करतात.

"आमचीय करतत," ताई म्हणाल्या. हे भाषांतर करायची गरज पडली नाही.

पण वासरू पीत नव्हतं. मार्ग्रिटने बाटली लावली, त्याने मान फिरवली. पुन्हा लावली, पुन्हा फिरवली. आमची गाडी येऊन गेली, हे मला शिट्टीवरून कळलं. ताईंनी बाही वर केली, दोन बोटं चिकात बुडवून वासराच्या तोंडात दिली. ते चोखू लागलं. मग बोटांशेजारून मार्ग्रिटने बाटलीचं बोंड सरकवलं आणि ताईंनी हात काढून घेतला. बाटली रिकामी झाली. मार्ग्रिट म्हणाली, ती पण असंच करते, फक्त आज तिसरा हात कमी होता.

"संध्याकाळच्या दोहनातलं काही उरलं तर ठेवते," ती म्हणाली. "उद्या या. वचन देत नाही."

स्वच्छ दिवस

त्या आठवड्यातला एकच स्वच्छ दिवस हवामानखात्याने सांगितला होता, आणि तो नेमका उद्याचा. त्या दिवशी आम्ही दातेरी रुळांच्या गाडीने वर वेंगेनला जाणार होतो. सगळी प्रसिद्ध शिखरं समोर. संपूर्ण सहलीत मी फक्त हाच एक दिवस राखून ठेवला होता.

सकाळी टीव्हीवर प्रत्येक कॅमेऱ्यात ऊन होतं.

"तू जा वरती," ताई म्हणाल्या. "माका बटण म्हायत झालाहा."

"आणि मार्ग्रिटशी बोलणार कोण?"

"काल तरी तू काय मोठा बोललंस?"

मी त्यांच्याबरोबर गेले. वेंगेन तिथेच राहणार होतं, चीक राहणार नव्हता.

मार्ग्रिट दारातच उभी होती. हातात काचेची बरणी, आत साधारण लिटरभर, सोनचाफ्यासारखा पिवळा. "प्यायलं," ती म्हणाली. "रात्रीही प्यायलं. हे उरलं."

ताईंनी बरणी दोन्ही हातांनी घेतली. स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी चमचा दोनदा पुसला.

चीक दाट असेल तर त्यात साधं दूध घालावं लागतं. कमी पडलं तर खरवस रबरासारखा होतो, जास्त झालं तर लागतच नाही. किती घालायचं हे प्रत्येक गायीचं वेगळं. ताईंनी आधी चहाच्या कपात थोडासा नमुना वाफवला. चिवट झाला. दूध वाढवलं, दुसरा कप ठेवला. मार्ग्रिट शेजारी आपलं मिश्रण ढवळत होती, कारण अर्धा चीक तिने स्वतःसाठी ओव्हनमध्ये लावायचं ठरवलं होतं. मार्ग्रिटचे वडील, नव्वदीच्या आसपासचे, टेबलाच्या टोकाला बसून दोन्ही बायकांकडे आळीपाळीने बघत होते. दुसरा कप ताईंनी बोटाने दाबला. मान हलवली. अजून अर्धा पेला दूध. तिसरा कप ठेवायला हवा होता, पण त्यांनी ठेवला नाही.

"ताई, नमुना?"

"नको. आता हातच बघूचो हा."

गूळ चिरून विरघळवला, वेलची, जायफळ. डबा मोठ्या पातेल्यात पाण्यावर ठेवला, झाकणाखाली फडकं, कारण वाफेचा थेंब आत पडला तर वर खड्डे पडतात. गूळ तापल्याचा वास घरभर झाला. खिडकीतून सगळं खोरं दिसत होतं आणि त्यामागे पांढऱ्या डोंगरांची रांग, एकही ढग नसलेली. मी एकटीच ती बघत होते. बाकीच्या तिघांच्या नजरा पातेल्यावर होत्या.

झाकण ताईंनी स्वतः उचललं. वाफ गेली. त्यांनी डबा बाहेर काढून ओट्यावर ठेवला आणि गार व्हायची वाट बघत बसल्या. हात लावला नाही. मार्ग्रिटने ओव्हनमधून आपला ट्रे काढला, वरून तपकिरी, मधून फुगलेला. तिने आनंदाने टाळी वाजवली. ताई हसल्या, पण नजर डब्यावरच.

बऱ्याच वेळाने त्यांनी सुरीचं टोक मधोमध खुपसलं. ते स्वच्छ बाहेर आलं.

"सुहासाक फोन लाव," त्या म्हणाल्या. "तोंड दिसता तो."

मुंबईत संध्याकाळ झाली होती. सुहास पडद्यावर आला, मागे आमच्या बोरिवलीच्या घराची खिडकी. "काय गं ताई, बर्फ बघितलंस?"

ताईंनी डबा उचलला, फोनसमोर धरला आणि सरळ उलटा केला. मार्ग्रिट किंचाळली. म्हाताऱ्या वडिलांनी खुर्चीतून दोन्ही हात पुढे केले.

"गो ताय, पडात! पडात तो!" सुहास मुंबईतून ओरडला.

डबा उलटाच. त्यातून काही पडलं नाही, एक थेंबसुद्धा नाही. ताईंनी तो तसाच धरून ठेवला, सुहास गप्प होईपर्यंत. मग सुलटा करून ओट्यावर ठेवला.

"ताई," तो म्हणाला, "मी बारशाक तसा बोलूक नको होतंय."

"नको होतंस," ताई म्हणाल्या. "आता ठेव फोन. माणसा खोळंबलीत."

त्यांनी वड्या कापल्या. पहिली मार्ग्रिटच्या वडिलांना दिली. त्यांनी ती खाल्ली, डोळे मिटले आणि बशी पुन्हा पुढे सरकवली. ताईंनी दुसरी वाढली आणि तिसरी न विचारता.